थेंबही न घेणाऱ्यांचे यकृत

‘मी आयुष्यात थेंब घेतला नाही, मग माझं लिव्हर कसं बिघडलं?’ रक्ततपासणीचा कागद हातात पडला की आपल्या मोहल्ल्यात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. आखातातल्या नोकरीचे मेडिकल असो, कंपनीची वार्षिक तपासणी असो की विम्यासाठी दिलेले रक्त असो, कागदावर ‘एसजीपीटी’ या शब्दासमोर ५८ किंवा ६५ असा आकडा असतो आणि तो ठळक अक्षरांत छापलेला असतो. मग घरात दोन शंका डोके वर काढतात. एक, कावीळ झाली असणार. दुसरी, पोरगा बाहेर चोरून पितो की काय! पहिल्या शंकेपोटी झाडपाल्याचे औषध आणि पथ्याचे जेवण सुरू होते. दुसऱ्या शंकेच्या भीतीने कागद कपाटात जातो आणि पुन्हा बाहेर येत नाही.

दोन्हीकडे खरी गोष्ट राहून जाते. दारू न पिणाऱ्या माणसात हा आकडा थोडासा वाढलेला असतो, तेव्हा त्याचे सर्वांत नेहमीचे कारण यकृतावर साचलेली चरबी हे असते. ही चरबी एकटी येत नाही. तिच्या मागोमाग मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार येण्याची शक्यता असते. म्हणजे हा कागद लपवण्याचा नाही, नीट वाचण्याचा आहे. रमजानच्या पानावर हा विषय घेण्याचे कारणही साधे आहे. दिवसभराच्या रोज्यात शरीराचा सगळा हिशेब ज्या अवयवाच्या हाती असतो, तो यकृतच. आणि संध्याकाळी दस्तरखानावर आपण जे मांडतो, त्याचा भारही सर्वांत आधी त्याच्यावरच पडतो.

कागदावरचे तीन शब्द

एसजीपीटी, एसजीओटी आणि जीजीटी ही यकृताच्या पेशींमध्ये काम करणाऱ्या एन्झाइमची नावे. एसजीपीटीला काही लॅब एएलटी लिहितात, एसजीओटीला एएसटी. पेशी धडधाकट असतात तोवर ही द्रव्ये बहुतांशी पेशीच्या आत राहतात. पेशींना सूज आली, इजा झाली की ती रक्तात पाझरतात आणि रक्तातला आकडा चढतो. एसजीओटी स्नायूंत आणि हृदयातही असते, त्यामुळे जड व्यायामानंतरही ते वाढू शकते. एसजीपीटी मुख्यतः यकृताचे, म्हणून डॉक्टरांचे लक्ष आधी त्याच्याकडे जाते. जीजीटी दारूने वाढते, पित्तमार्गातल्या अडथळ्याने वाढते आणि चरबीनेही वाढते.

आता ‘नॉर्मल’ कशाला म्हणायचे? बहुतेक लॅबच्या कागदावर एसजीपीटीची वरची मर्यादा ४० ते ५०च्या आसपास छापलेली असते. या मर्यादा पूर्वी ठरल्या तेव्हा निरोगी समजल्या गेलेल्या लोकांतही यकृतावर चरबी असलेले बरेच जण होते. इटलीतल्या डॉक्टरांनी रक्तदात्यांमधून खरोखर निरोगी, सडपातळ, साखर आणि कोलेस्टेरॉल ठीक असलेली माणसे निवडली आणि २००२ मध्ये नवी मर्यादा सुचवली: पुरुषांसाठी ३०, स्त्रियांसाठी १९. म्हणजे एखाद्या गृहिणीचा आकडा ३५ असेल तर लॅबच्या कागदावर तो गप्प बसतो, पण डॉक्टरांनी तिची कंबर, साखर आणि रक्तदाब पाहायला हवा.

स्कॉटलंडमध्ये सुमारे सहा हजार पुरुषांवर जवळपास पाच वर्षे लक्ष ठेवणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे एएलटी २९ किंवा त्याहून जास्त होते, त्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण १७ पेक्षा कमी आकडा असलेल्यांपेक्षा बरेच अधिक निघाले. वजन, साखर, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही धोका सुमारे दुप्पट उरला. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयरोगाचा प्रसिद्ध अभ्यास चालू आहे. तिथेही जीजीटी जास्त असणाऱ्यांत पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम आणि हृदयविकार अधिक दिसले.

पाचपैकी तीन

मेटाबॉलिक सिंड्रोम हे नाव भारदस्त असले तरी मोजणी सोपी आहे. भारतीयांसाठी पाच गोष्टी पाहतात. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. रक्तातील ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५, अथवा त्याहून अधिक. उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त. यांपैकी कोणत्याही तीन गोष्टी जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम आहे असे धरतात. एखाद्या गोष्टीसाठी आधीच गोळी चालू असेल तर तीही मोजायची. अमेरिकेतले डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या सगळ्याच्या मुळाशी इन्शुलिनला शरीराने दाद न देणे आहे, हे मांडले आणि तेव्हापासून हे वेगवेगळे आजार एका माळेत मोजले जाऊ लागले.

या यादीत यकृताचे नाव कुठेच नाही. पण यादीतल्या दोन गोष्टी यकृतच तयार करते. उपाशीपोटी रक्तात जी साखर असते, ती रात्रभर यकृताने सोडलेली असते. ट्रायग्लिसराइड नावाची चरबीही मोठ्या प्रमाणात तिथूनच रक्तात येते. यकृतावर चरबी साचली की ते इन्शुलिनचे ऐकेनासे होते. ‘आता साखर पुरे’ असा निरोप आला तरी ते साखर सोडतच राहते आणि जादा चरबी रक्तात ढकलत राहते. म्हणून सकाळची साखर १०५ येते, ट्रायग्लिसराइड १९० येते आणि त्याच कागदाच्या तळाशी एसजीपीटी ५५ असते. तिन्ही आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. आपण मात्र पहिल्यासाठी कारल्याचा रस, दुसऱ्यासाठी लसूण आणि तिसऱ्यासाठी काविळीचे औषध असे तीन वेगळे उपाय शोधतो.

रेल्वे वसाहतीतली मोजणी

हे सगळे परदेशातले झाले, आपल्या मुंबईत काय, असे कोणी विचारेल. बॉम्बे हॉस्पिटलचे पोट आणि यकृताच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांचे नाव मुंबईकर विसरलेले नाहीत. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात एल्फिन्स्टन रोड भागातल्या उघड्या मॅनहोलने त्यांचा बळी घेतला. त्याच डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षे आधी, २००७ मध्ये, दोन रेल्वे वसाहतींतल्या रहिवाशांची तपासणी करून दारूशी संबंध नसलेल्या यकृतावरील चरबीचे प्रमाण प्रसिद्ध केले होते. दवाखान्यात आलेले रुग्ण मोजण्याऐवजी त्यांनी घरी राहणारी, नोकरीला जाणारी माणसे मोजली. वीस वर्षांवरील लोकांत हे प्रमाण १८.९ टक्के निघाले. पुरुषांत २४.६ टक्के, स्त्रियांत १३.६ टक्के. चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले, उपाशीपोटीची साखर वाढलेले आणि एन्झाइम चढलेले लोक यात पुढे होते. ही माणसे आपल्यासारखीच: लोकलने जाणारी, बसून काम करणारी, रात्री उशिरा जेवणारी.

अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या पट्ट्यातले आजचे जगणे त्याहून बैठे झाले आहे. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने प्रौढांची पाहणी केली. तीत ३४ टक्के लोकांत उच्च रक्तदाब आणि १८ टक्के लोकांत मधुमेहाइतकी वाढलेली साखर आढळली. दर तीन माणसांत एकाला रक्तदाब आणि साधारण पाच-सहा माणसांत एकाला साखर, असा हा हिशेब आहे. तो कोणत्याही एका धर्माचा किंवा वस्तीचा नाही.

‘पण मी तर बारीक आहे’ हा पुढचा आक्षेप. याचे उत्तर पुण्यातून आले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये छापून आले. उंची आणि वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि हाडे कमी होती, पण चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, ही ठेवण आपल्याला जन्मापासूनच मिळते. म्हणून आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा कंबरेची टेप जास्त खरे बोलते.

तेरा तासांत आत काय चालते

सहरीत खाल्लेले अन्न काही तासांत पचते. त्यानंतर रक्तातली साखर टिकवण्याचे काम यकृत अंगावर घेते. त्याच्याकडे सुमारे शंभर ग्रॅम साखरेचा साठा असतो. दुपार उलटेपर्यंत तो बराच खर्ची पडतो आणि शरीर हळूहळू चरबी जाळू लागते. चरबी साचलेल्या यकृताला रोज मिळणारी ही सवड फायद्याची ठरू शकते. तेरा-चौदा तास नवे अन्न नाही, चहा-बिस्किटे नाहीत, तंबाखू-गुटखा नाही.

मग रमजाननंतर सगळ्यांची कंबर कमी का होत नाही? जगभरातल्या पाहण्यांचा गोषवारा असा की, रमजानमध्ये सरासरी वजन एक-दीड किलोने घटते आणि ईदनंतर काही आठवड्यांत बहुतेक भरून येते. काहींचे तर महिनाभरात वाढते. कारण दिवसाची सवड संध्याकाळी अर्ध्या तासात परत घेतली जाते.

मगरिबची अजान होते. खजूर खाऊन रोजा सुटतो. त्यानंतर लाल सरबताचे दोन ग्लास, कांदाभजी, समोसे, खिमा पॅटिस, साखर घातलेले फ्रूट चाट. तरावीहनंतर बिर्याणी किंवा निहारी, वर फिरनी किंवा मालपुवा. बारा वाजता पुन्हा काहीतरी तोंडात. सरबतातल्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजचा असतो आणि फ्रुक्टोजचा निकाल मुख्यतः यकृतच लावते. एकदम जास्त आले की त्याची चरबी करून ठेवते. तळण, मैदा आणि सरबत एकाच बैठकीत आले की दिवसभर हलके झालेले यकृत रात्री पुन्हा भरते.

पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही पैगंबरांची शिकवण आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. तिचा अर्थ इफ्तारच्या ताटात उतरवणे अवघड नाही. खजूर एक किंवा तीन, सरबताऐवजी साधे पाणी, लिंबूपाणी किंवा बिनसाखरेचे ताक. त्यानंतर नमाज आणि मग जेवण, म्हणजे भूक थोडी शांत होते. तळलेला पदार्थ रोज चार प्रकारांत न ठेवता आठवड्यातून एक-दोनदा. हरभरे, मूग, अंडी, मासे, सालन थोड्या तेलात. फळ कापून तसेच, रस काढून नाही. सहरीत कोकणातली भाकरी आणि डाळ किंवा अंडे पोटात बराच वेळ टिकते, पराठा आणि गोड शेवया टिकत नाहीत. मशिदीत चालत जा, तरावीह पूर्ण पढा. तेवढीही हालचाल उपयोगी आहे.

इथे घरातल्या बायकांबद्दल एक शब्द. इफ्तारची भजी तळणारी बाई स्वतः सर्वांत शेवटी, उरलेले आणि थंड झालेले खाते. तिची कंबर, साखर आणि रक्तदाब कोणी मोजत नाही, कारण ती ‘आजारी नाही’. स्त्रियांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच आहे. घरातला कमावता माणूस कंपनीत तपासला जातो. तिची तपासणी कोणीतरी ठरवून करून घेतली तरच होते.

काय करावे, काय करू नये

आकडा वाढला म्हणजे चरबीच, असे घरी बसून ठरवू नये. हिपॅटायटिस बी आणि सी, टीबीची औषधे, वेदनाशामके, जिममध्ये मिळणारी पावडर आणि इंजेक्शने यांनीही एन्झाइम वाढतात. काढ्यांचेही तसेच. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: एन्झाइम वाढलेले असताना डॉक्टरांना न सांगता कोणतेही चूर्ण किंवा काढा घेऊ नये.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. एसजीपीटी नॉर्मल असूनही यकृतावर चरबी असू शकते आणि आतून यकृत हळूहळू कडक होत असू शकते. म्हणून पोट सुटलेले असेल किंवा मधुमेह असेल, तर एका आकड्यावर समाधान मानू नये. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून डॉक्टर एक साधा हिशेब मांडतात. त्यावरून कोणाला सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅनची गरज आहे ते कळते.

उपायाची बातमी आशादायक आहे. वजन पाच टक्क्यांनी घटले तरी यकृतावरची चरबी कमी होते. सात ते दहा टक्क्यांनी घटले तर सूजही उतरते. ऐंशी किलोच्या माणसाला चार किलोपासून सुरुवात करायची आहे. हे न करता वर्षे काढली तर काहींचे यकृत कडक होत सिरोसिसपर्यंत जाते. पण या आजाराच्या रुग्णांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हे आहे, यकृताचे निकामी होणे नव्हे. घरातला चाळिशीतला माणूस अचानक जातो तेव्हा त्याच्या जुन्या कागदावरचा तो ठळक आकडा कोणालाच आठवत नाही.

मधुमेहींनी रोज्याविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. गोळ्या आणि इन्शुलिनच्या वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात. बोटातून थेंब काढून साखर मोजल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. आजारी माणसाला धर्मानेच सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

नाव बदलले, संकोचही जावा

या आजाराच्या जुन्या नावात ‘दारू’ हा शब्द होता, ‘दारूविना होणारा’ अशा अर्थाने. नाव नाकारणारे असले तरी ऐकणाऱ्याच्या कानात दारूच राहायची. जून २०२३ मध्ये जगभरातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी हे नाव बदलले. आता त्याला चयापचयातील बिघाडाशी जोडलेला यकृताचा आजार असे म्हणतात. भारत सरकारनेही फेब्रुवारी २०२१ मध्ये मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला. म्हणजे ज्या आजारासाठी आपण तोंड लपवतो, तो सरकारी यादीत साखर आणि रक्तदाबाच्या शेजारी बसला आहे.

तपासणीसाठी फार लांब जावे लागत नाही. अंधेरी-जोगेश्वरीकरांना कूपर, घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अग्रवाल, बोरिवलीला भगवती ही पालिकेची रुग्णालये आहेत. वस्त्यांमधून ‘आपला दवाखाना’ सुरू आहेत. रक्तदाब आणि साखर तिथे पाहता येते.

आणि एक सूचना मोहल्ल्याच्या ट्रस्टना. दर रमजानमध्ये जकातीच्या रकमेतून डायलिसिस, बायपास, मोठी ऑपरेशने यांना मदत होते आणि ती व्हायलाच हवी. पण तोवर आजार हाताबाहेर गेलेला असतो. पात्र गरजूंसाठी, उलेमांचा सल्ला घेऊन, थोडा हिस्सा साखर, ट्रायग्लिसराइड आणि एसजीपीटीच्या तपासण्यांवर खर्च करता येईल. जकात नसेल तर सदक्यातून. तरावीहनंतर मशिदीच्या दारात एक टेबल, एक टेप आणि रक्तदाबाचे यंत्र एवढ्यानेही सुरुवात होते. एक दिवस बायकांसाठी वेगळा ठेवावा.

ईदचे कपडे शिवायला टाकताना दर्जी माप घेतोच. पण तो टेप पँट बांधायच्या जागी, पोटाखाली लावतो. घरी येऊन शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पुन्हा एकदा मोजा. पुरुषांत साडेपस्तीस इंचांपेक्षा जास्त भरले, तर कपाटातला तो जुना कागद बाहेर काढा आणि ईदनंतर डॉक्टरांना दाखवा. सोबत अम्मी, बीवी, बहीण यांनाही घेऊन जा.